पावणेतीन मिनिटांचा हिशेब

माझे काम टॉवेल आणि चादरींची नक्षी संगणकावर उतरवून देण्याचे आहे. सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत हे काम चालते. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचे यंत्रमाग असल्यामुळे सकाळपासून त्यांचा खडखडाट सोबतीला असतो. खोली उघडली की आधी संगणकाचे बटण दाबायचे, मग सिद्धरामेश्वरांच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावायची आणि वळून खुर्चीत बसेपर्यंत पडदा तयार असायचा, असा गेल्या काही वर्षांचा नेम होता. मार्च महिन्यात या संगणकात साठवणुकीची भर घातली आणि त्या दिवसापासून उदबत्ती लावून, हात जोडून, वर्तमानपत्राचे पहिले पान वाचून झाले तरी पडद्यावर ठिपकेच फिरत असत.

संगणक २०१७ साली सुटे भाग घेऊन जुळवलेला आहे. विंडोज १० ही २४० जीबीच्या एसएसडीवर, म्हणजे फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर, असून जोडीला १ टीबीची एक हार्ड डिस्क आणि कित्येक वर्षांत न उघडलेला डीव्हीडी रायटर आहे. जागा कमी पडू लागल्यामुळे मी ४ टीबीची नवी हार्ड डिस्क घेतली. त्याच सुमारास माळ्यावरच्या जुन्या संगणकातून ५०० जीबीची एक डिस्क काढली, कारण वडिलांनी आलेखाच्या कागदावर हाताने रंगवलेल्या नक्षींची स्कॅन केलेली चित्रे तिच्यावर होती. नवी पेठेतल्या एका दुकानात कॅबिनेट नेऊन ठेवले. तिथल्या मुलाने दोन्ही डिस्क बसवल्या आणि ‘पोर्ट कमी पडतात’ असे सांगून दोन साटा पोर्टचे, म्हणजे डिस्क जोडण्याच्या खाचांचे, एक छोटे कार्डही बोर्डावरच्या खाचेत खोचले. कार्डाचे अकराशे रुपये वेगळे घेतले.

दुसऱ्या दिवशीपासून बटण दाबल्यापासून काम सुरू करता येईपर्यंत पावणेतीन मिनिटे लागू लागली. दुकानात फोन केला तेव्हा पलीकडून लगेच उत्तर आले, “काका, फॉरमॅट मारावा लागेल.” एका गिऱ्हाईकाने रॅम वाढवण्याचा सल्ला दिला. तिसऱ्याने तर सांगितले की संगणक बंदच करू नका, रात्री नुसता झोपवून ठेवा, म्हणजे सकाळी सुरू करण्याचा प्रश्नच उरणार नाही. या तिन्ही सल्ल्यांमध्ये एक गोष्ट समान होती: वेळ नेमका कुठे जातो हे कोणीही विचारले नव्हते. काल अर्ध्या मिनिटात सुरू होणारा संगणक आज पावणेतीन मिनिटे घेत असेल आणि मधल्या काळात बदल झाला तो केवळ डिस्क वाढल्याचा असेल, तर विंडोज पुसून पुन्हा घालण्याचे कारण मला तरी दिसत नव्हते. भिंतीपलीकडच्या मागावर ताण्याचा एक धागा तुटून माग थांबतो, तेव्हा तिथला जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर, मोटर उघडत नाही. तो आधी हजारो धाग्यांत कुठली पिन पडली आहे ते पाहतो.

म्हणून मी मोबाइलवरचे स्टॉपवॉच घेऊन बसलो. संगणक सुरू होणे ही आपण एकच क्रिया समजतो, पण पडद्यावर तिचे चार टप्पे स्वच्छ दिसतात. बटण दाबल्यापासून मदरबोर्डच्या कंपनीचे चिन्ह उमटेपर्यंत पडदा काळा असतो, तो पहिला. चिन्ह दिसल्यापासून विंडोजचे फिरणारे ठिपके सुरू होईपर्यंत दुसरा. ठिपक्यांपासून पासवर्ड मागणाऱ्या पडद्यापर्यंत तिसरा, आणि पासवर्ड दिल्यापासून हातातले काम खरोखर उघडता येईपर्यंत चौथा. तीन वेळा मोजून सरासरी काढली तेव्हा पहिल्यात ४१ सेकंद, दुसऱ्यात २२, तिसऱ्यात ५८ आणि चौथ्यात ४४ सेकंद जात होते. एकूण १६५.

मोजताना एक खबरदारी घ्यावी लागते. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. ती चालू असली की ‘शट डाउन’ केल्यावर विंडोज पूर्णपणे बंद होत नाही. आपल्या गाभ्याची अवस्था डिस्कवरच्या एका फाइलमध्ये लिहून ठेवते आणि पुढच्या वेळी तीच परत उचलते. त्यामुळे एका दिवशी तिसरा टप्पा लवकर उरकतो, दुसऱ्या दिवशी रेंगाळतो आणि आपण गोंधळात पडतो. खरी मोजणी हवी असेल तर ‘रीस्टार्ट’ करावे, किंवा शिफ्टची कळ दाबून धरून ‘शट डाउन’वर क्लिक करावे. या सोयीचा एक उलटा उपयोगही मला झाला. फास्ट स्टार्टअप चालू असो वा बंद, पहिले दोन टप्पे सेकंदाच्या फरकाने तेवढेच राहत होते. याचा अर्थ बासष्ट-त्रेसष्ट सेकंदांचा हा तुकडा विंडोजच्या आधीचा होता आणि फॉरमॅट मारून त्यातला एक सेकंदही कमी झाला नसता.

हाच आकडा संगणक स्वतःही सांगतो. टास्क मॅनेजरमध्ये ‘स्टार्टअप’ या पानावर उजवीकडे वरच्या कोपऱ्यात ‘लास्ट बायोस टाइम’ अशी एक ओळ असते. बायोस म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम. यूईएफआय या बायोसच्या नव्या पद्धतीने सुरू होणाऱ्या संगणकांवर तिथे सेकंद दिसतात. माझ्याकडे ६१.८ हा आकडा होता. ही ओळ फारसे कोणी पाहत नाही, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणात पाहण्यासारखी पहिली जागा तीच आहे. तो आकडा दहा-पंधराच्या आसपास असेल तर दोष विंडोजच्या बाजूला शोधावा. तो चाळीस-साठच्या घरात असेल तर स्क्रूड्रायव्हर घ्यावा.

आता विंडोजच्या आधी एवढा वेळ कशात जातो, हे थोडे सांगायला हवे. बटण दाबल्यावर मदरबोर्डवरील बायोस स्मृती आणि पडदा तपासून झाल्यावर प्रत्येक साटा पोर्टला विचारतो की तुझ्यापाशी कोणी आहे का, असेल तर तू कोण, तुझी क्षमता किती. एसएसडी जवळजवळ तत्काळ उत्तर देते, कारण तिच्यात फिरणारे काही नसते. हार्ड डिस्कला आधी तबकड्या पूर्ण वेगाने फिरवाव्या लागतात, डोके जागेवर आणावे लागते आणि स्वतःच्या कामकाजाच्या प्रणालीचा काही भाग तबकडीवरच्याच एका राखीव पट्ट्यातून वाचावा लागतो. हे सर्व होईपर्यंत ती ‘व्यस्त’ असल्याची खूण दाखवत राहते. निरोगी डिस्कचे हे काम काही सेकंदांत आटोपते. पण तो राखीव पट्टाच झिजलेला असेल, किंवा तबकड्यांना वेग घ्यायला जड जात असेल, तर डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करते आणि तोवर बायोस तिच्या उत्तरासाठी थांबून राहतो. डिस्क तयार होण्यासाठी एटीए या डिस्क-जोडणीच्या मानकाने ३१ सेकंदांपर्यंतची मुदत दिलेली आहे, म्हणजे बायोसने धीर धरणे हे नियमाला धरूनच आहे. ज्या डिस्कवरून विंडोज सुरू व्हायची आहे ती एसएसडी केव्हाच तयार होऊन बसलेली असते, पण पंगतीत सर्वात शेवटचे पान वाढून होईपर्यंत इतरांनाही हात आवरून बसावे लागते, तसा हा प्रकार आहे.

रविवारी शेजारचे माग बंद असतात, म्हणून तो दिवस निवडला. प्लग काढून घेतला, बटण एकदा दाबून उरलेला वीजसाठा जिरवला, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावला आणि बाजूचे झाकण काढले. आत रुवा होता. पूर्व भागात राहणाऱ्यांना हे सांगावे लागत नाही: मागाच्या शेजारी जे काही असेल त्यावर कापसाचा बारीक रुवा बसतोच, पंख्यावर, चहाच्या कपावर आणि संगणकाच्या पोटातही. मऊ ब्रशने तो काढला आणि मग बोर्डाकडे नीट पाहिले. त्यावर साटाचे चार पोर्ट होते. एकात एसएसडी, दुसऱ्यात १ टीबीची डिस्क, तिसऱ्यात डीव्हीडी रायटर आणि चौथ्यात माळ्यावरची ५०० जीबीची जुनी डिस्क. नवी ४ टीबीची डिस्क तेवढी कार्डावर होती.

पद्धत अगदी साधी ठेवली. जे जे नव्याने आले होते ते सगळे काढले आणि संगणक सुरू केला: ३२ सेकंद. म्हणजे मूळ संगणकाला काहीही झालेले नव्हते. मग एकेक वस्तू परत जोडून दर वेळी चारही टप्पे कागदावर लिहीत गेलो. एका वेळी एकच बदल, हा नियम मोडण्याचा मोह तासाभरात दोनदा तरी होतो, कारण झाकण उघडे असते आणि हात शिवशिवत असतात. तो मोडला की मात्र सगळी मोजणी वाया जाते.

नुसते कार्ड खोचले, त्यावर डिस्क नाही, तरी दुसरा टप्पा ५ सेकंदांवरून १४ वर गेला. कार्डाला ४ टीबीची डिस्क जोडली तेव्हा तो २२ झाला आणि तिसरा टप्पाही ९ वरून २६ वर आला. कार्ड आणि नवी डिस्क काढून बोर्डाच्या चौथ्या पोर्टवर फक्त जुनी डिस्क जोडली, तेव्हा काळ्या पडद्याचा पहिला टप्पा ६ सेकंदांवरून एकदम ४१ वर पोहोचला आणि तिसरा टप्पाही ४१ झाला. पावणेतीन मिनिटांचा एकच गुन्हेगार असेल असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात तीन निघाले: जुनी डिस्क, कार्ड, आणि नव्या डिस्कच्या बाबतीत काहीतरी, जे अजून कळायचे होते.

जुन्या डिस्कचा निकाल लवकर लागला. डिस्कची प्रकृती दाखवणारे क्रिस्टलडिस्कइन्फो हे छोटे सॉफ्टवेअर तिच्या नावापुढे पिवळी खूण दाखवत होते. अशा सॉफ्टवेअरमधील लांबलचक तक्त्यातल्या दोन ओळी आधी पाहाव्यात. पाचव्या क्रमांकाचा गुणधर्म म्हणजे खराब ठरल्यामुळे राखीव जागेत हलवलेले सेक्टर, म्हणजे तबकडीवरचे माहितीचे बारीक कप्पे. ते ४८ होते. १९७ क्रमांकाचा म्हणजे वाचता न आल्यामुळे संशयित म्हणून नोंदलेले सेक्टर; ते २१६ होते. दुसरा आकडा अधिक वाईट, कारण त्या जागांवर नेमके काय आहे हे डिस्कला अद्याप वाचताच आलेले नसते. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘सिस्टम’ या नोंदवहीतही त्याचेच पडसाद होते: खराब ब्लॉक सापडल्याची ७ क्रमांकाची नोंद आणि वाचन पुन्हा करावे लागल्याची १५३ क्रमांकाची नोंद, दोन्ही रोज सकाळी त्याच वेळेला, ओळीने.

घरगुती वापराच्या हार्ड डिस्क एका खराब सेक्टरपाशी बराच वेळ घुटमळतात. एकट्या संगणकात त्या माहितीची दुसरी प्रत नसते, त्यामुळे शक्य तितके प्रयत्न करून ती वाचण्याचा त्यांचा स्वभाव असतो. अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या साठवण पेट्यांसाठीच्या डिस्क मात्र साधारण ७ सेकंदांत हात टेकतात आणि ते काम दुसऱ्या प्रतीवर सोडतात. माझी डिस्क पहिल्या जातीची होती. विंडोज सुरू होताना प्रत्येक डिस्कवरील विभागांची रचना वाचते. त्या वाचनात दोन-चार संशयित सेक्टर आडवे आले की तिसरा टप्पा अर्ध्या मिनिटाने लांबतो, आणि तोवर आपण फिरणाऱ्या ठिपक्यांकडे पाहत बसतो.

इथे एक चूक माझ्या हातून होता होता राहिली. अशी डिस्क दिसली की ‘चेकडिस्क’ चालवून ती दुरुस्त करण्याचा विचार मनात येतो. माझ्या मते तो शेवटचा उपाय आहे. मरणपंथाला लागलेल्या डिस्कचा प्रत्येक सेक्टर वाचायला लावणे म्हणजे दमेकऱ्याला जिना चढायला लावण्यासारखे आहे. आधी माहिती बाहेर काढावी. मी ती डिस्क संगणकातून काढून यूएसबीच्या खोक्यात घातली, म्हणजे संगणक सुरू होताना तिच्यासाठी कोणालाच थांबावे लागणार नाही, आणि विंडोज पूर्ण सुरू झाल्यावर जोडून वडिलांच्या नक्षींची फोल्डरे एकेक करून उतरवायला घेतली. सगळी एकदम उचलली नाहीत. सर्वांत महत्त्वाची आधी, म्हणजे मोराच्या जोड्या आणि देवळाच्या कमानी असलेल्या चादरी. मग भिंतीवर लावायचे गालिचे. आणि शेवटी नक्षीत कधीच न वापरलेली छायाचित्रे. दोन संध्याकाळी गेल्या. अकरा चित्रे उघडली नाहीत. बाकी सुखरूप आहेत.

कार्डाचे प्रकरण समजून घेण्यात मला सर्वांत जास्त रस वाटला. असे कार्ड म्हणजे केवळ जास्तीचे पोर्ट नव्हेत. त्याच्या अंगावर एक छोटा स्वतंत्र प्रोग्राम असतो, ज्याला ऑप्शन रॉम म्हणतात. बायोस आपले काम करत असताना हा प्रोग्राम मध्येच उठतो आणि आपल्या पोर्टवर कोण आहे याचा स्वतंत्र शोध घेतो. कंपनीच्या चिन्हाखाली हे सगळे झाकलेले असते. बायोसच्या मांडणीत जाऊन पूर्ण पडदाभर चिन्ह दाखवण्याची सोय बंद केली तेव्हा काळ्या पडद्यावर कार्डाचे नाव, त्याची आवृत्ती आणि डिस्क शोधत असल्याची ओळ उमटलेली दिसली, आणि त्या ओळीपुढे एकेक टिंब सावकाश वाढत होते. पोर्टवर काहीच नसले तरी ठराविक वेळ संपेपर्यंत हा शोध चालूच राहतो. रिकाम्या कार्डानेही नऊ सेकंद का घेतले, याचे उत्तर त्या टिंबांत होते.

गंमत अशी की या शोधाची मला गरजच नव्हती. कार्डावरील डिस्कवरून संगणक सुरू करायचा असेल तरच ऑप्शन रॉम लागतो. नुसती माहिती साठवायची असेल तर विंडोज स्वतःच्या ड्रायव्हरने त्या कार्डाशी नंतर बोलते. म्हणून ज्यांना कार्ड ठेवणे भाग आहे त्यांनी बायोसमध्ये साठवणुकीचे ऑप्शन रॉम न चालवण्याची निवड असल्यास ती वापरावी, किंवा सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीच्या बायोसची नक्कल, बंद करून पाहावी; जुन्या पद्धतीचे ऑप्शन रॉम त्या नकलेच्या आधाराने चालतात. मात्र सीएसएम बंद करण्याआधी ‘सिस्टम इन्फर्मेशन’ उघडून ‘बायोस मोड’पुढे ‘यूईएफआय’ लिहिलेले आहे ना हे पाहावे. तिथे ‘लेगसी’ असेल तर विंडोज सुरूच होणार नाही, आणि ग्राफिक्स कार्ड फार जुने असेल तर पडदाही काळाच राहू शकतो. माझ्याकडे यूईएफआय होते, मी सीएसएम बंद करून पाहिले आणि दुसरा टप्पा २२ वरून ७ सेकंदांवर आला.

पण मग लक्षात आले की जुनी डिस्क बाहेर गेल्यामुळे बोर्डाचा चौथा पोर्ट आता मोकळा आहे. कार्डच नको. नवी डिस्क बोर्डावर घेतली आणि कार्ड उपटून ठेवले. तसे पाहिले तर डीव्हीडी रायटरची केबल काढली असती तर पहिल्या दिवसापासून कार्डाची गरज नव्हती. दुकानातल्या मुलाला ते सुचले नाही असे मी म्हणणार नाही. मलाही विचारायचे सुचले नाही, हे खरे.

या टप्प्यावर एकूण वेळ ५६ सेकंद होता आणि अनेकांनी इथे झाकण लावले असते. मला तिसऱ्या टप्प्याचे २४ सेकंद खटकत होते. नवीकोरी डिस्क, बोर्डाचा पोर्ट, तिच्या सेक्टरांची पाटी स्वच्छ, तरी विंडोज तिच्यापाशी अडखळत होती. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १२९ क्रमांकाची नोंद सापडली. ही नोंद म्हणजे डिस्ककडून वेळेत उत्तर न आल्यामुळे विंडोजने जोडणी तोडून पुन्हा सुरू केली. मग प्रकृतीच्या तक्त्यातली १९९ क्रमांकाची ओळ पाहिली. तिला यूडीएमए सीआरसी एरर म्हणतात. डिस्क आणि बोर्ड यांच्यामध्ये पाठवलेली माहिती वाटेत बिघडली तर ती तिथे मोजली जाते, म्हणजे हा दोष तबकडीचा नसून वाटेचा असतो, आणि वाट म्हणजे बहुतेक वेळा केबल. आकडा १४३ होता. हा आकडा कधीच खाली येत नाही, त्यामुळे तो किती आहे याला फारसे महत्त्व नाही. तो वाढतो आहे का, एवढेच पाहायचे. संगणक पुन्हा सुरू केला: १५१. आणखी एकदा: १६०.

केबल काढून खिडकीपाशी उजेडात धरली. लाल रंगाची, चपटी, दोन्ही टोकांना धातूची खिट्टी नसलेली स्वस्त केबल. डिस्कच्या बाजूला ती कॅबिनेटच्या झाकणाने दाबून जवळजवळ काटकोनात मोडली होती आणि त्या मोडीवर प्लास्टिकला पांढरी रेघ उमटली होती. टोकाच्या खाचेत, सात बारीक पट्ट्यांच्या मधोमध, भुरकट रुव्याचे एक बोंड बसले होते, टाचणीच्या टोकाने उचलावे एवढे. दोष त्या रुव्याचा की मोडीचा, हे मी ठामपणे सांगणार नाही, कारण दोन्ही एकाच वेळी गेले. खिट्टी असलेली नवी केबल आणली, ती वळणावर ऐसपैस सोडली आणि टोक ‘टक’ असा आवाज येईपर्यंत दाबले. त्यानंतर आकडा १६० वर थांबला तो आजही १६० आहे. तिसरा टप्पा १० सेकंदांवर आला.

वीजपुरवठ्याचीही शंका मनात होती. साडेतीन इंची हार्ड डिस्क फिरू लागताना १२ व्होल्टच्या तारेवर सुमारे २ अँपिअर ओढते, आणि दुकानात दोन्ही डिस्क एकाच दुफाट्याच्या तारेवर लटकवलेल्या होत्या. नव्या डिस्कला एसएमपीएसची, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याची, स्वतंत्र तार दिली. सेकंदांत फरक पडला नाही, तरी दुफाटा परत लावलेला नाही.

चौथ्या टप्प्याचे कारण मी स्वतःच निर्माण केले होते. नवी डिस्क मोठी म्हणून मी उत्साहाने ‘डॉक्युमेंट्स’ हे फोल्डर तिच्यावर हलवले होते. पासवर्ड दिल्यावर उघडणारी निम्मी सॉफ्टवेअरे आपल्या बारीकसारीक फाइल तिथेच ठेवतात, शिवाय विंडोजचा शोध विभाग त्या फोल्डरची अनुक्रमणिका बनवत बसतो, आणि फिरत्या तबकडीवर हे सगळे एसएसडीच्या मानाने संथच चालणार. फोल्डर परत एसएसडीवर आणले. नक्षींचा संग्रह तेवढा मोठ्या डिस्कवर ठेवला. बायोसमध्ये सुरुवातीचा क्रमही पाहून घेतला, कारण नवे साधन लावले की तो पुष्कळदा आपोआप बदलतो. ‘विंडोज बूट मॅनेजर’ तिसऱ्या क्रमांकावर ढकलले गेले होते आणि त्याच्या वर रिकामा डीव्हीडी रायटर ऐटीत बसला होता. तो खाली पाठवला. आता बटण दाबल्यापासून ३६ सेकंदांत काम सुरू होते. जास्तीचे चार सेकंद नव्या डिस्कच्या तबकड्या फिरण्याचे आहेत आणि त्याबद्दल तक्रार नाही.

हे सगळे मी ओळखीच्या दोन-तीन जणांना सांगितले, तेव्हा त्यांच्याही अडचणी बाहेर आल्या. जुळे सोलापुरातल्या एका हिशेबनिसांच्या कार्यालयात टॅलीच्या बॅकअपची यूएसबी डिस्क कायम लावलेली असे आणि सकाळी संगणक उशिरा सुरू होई. त्यांचा बायोस आधी यूएसबीवरून सुरू होता येते का ते तपासत होता. क्रम बदलला आणि काम झाले. उन्हाळ्यात इंजिनिअरिंग कॉलेजातून घरी आलेल्या माझ्या भाच्याची गोष्ट मात्र उफराटी होती. त्याच्या लॅपटॉपवर लिनक्स आहे आणि त्याने एक डिस्क जोडून नंतर काढून घेतली होती. “मामा, डिस्क काढल्यापासून लॅपटॉप हळू झालाय,” असे तो म्हणाला, तेव्हा मला आधी ते पटेना. पण पडद्यावर ‘स्टार्ट जॉब’ चालू असल्याची ओळ आणि पुढे १ मिनिट ३० सेकंदांचे घड्याळ दिसत होते. सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या याची यादी लिनक्समध्ये एफएसटॅब नावाच्या फाइलमध्ये असते. त्या यादीत काढून टाकलेल्या डिस्कचा ओळखक्रमांक तसाच राहिला होता आणि लॅपटॉप घरात नसलेल्या पाहुण्याची रोज दीड मिनिट वाट पाहत होता. ती ओळ काढायची, किंवा डिस्क कधी असते कधी नसते असे असेल तर ओळीत ‘नोफेल’ हा शब्द घालायचा, एवढाच त्यावर उपाय. दोन मिनिटांत झाला.

जुनी डिस्क आता कागदात गुंडाळून कपाटात ठेवली आहे. न उघडलेल्या अकरा चित्रांपैकी सात नक्षींचे मूळ आलेखकागद आईने जपून ठेवलेल्या पेटीत सापडले आणि ते पुन्हा स्कॅन करणे चालू आहे. अकराशे रुपयांचे कार्ड टेबलाच्या खणात पडून आहे. दुकानाने ते परत घेतले नाही. भाच्याने ते मागितले आहे. तुझ्या घरच्या डेस्कटॉपच्या बोर्डावर किती पोर्ट मोकळे आहेत ते आधी मोजून सांग, असे मी त्याला कळवले असून त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही.